राजाबाई टॉवरचे दुखणे

मुंबईला चर्चगेट स्टेशनाबाहेर पडून ओव्हल मैदानात उभे राहिले, की समोर पूर्वेच्या बाजूला दगडी इमारतींची एक लांबच लांब रांग दिसते. उच्च न्यायालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, पदवीदान सभागृह आणि जुने सचिवालय. त्यांतल्या ग्रंथालयावर जो निमुळता मनोरा चढत गेला आहे, तोच राजाबाई टॉवर. त्याची उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. याहून उंच इमारती मुंबईत आज कितीतरी आहेत, पण त्यांतल्या एकीच्याही अंगावर इतके कोरीव काम नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. पुढे कित्येक दशके मॅट्रिकची परीक्षादेखील हेच विद्यापीठ घेत असे. त्यामुळे कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या लहानशा गावातील शाळेचा शेवटचा वर्गसुद्धा एका अर्थी या विद्यापीठालाच बांधलेला होता. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख अशी देणगी प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दिली व मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यायला सांगितले. १ मार्च १८६९ रोजी कोनशिला बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरे झाले. आराखडा होता लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञाचा. गंमत अशी की, स्कॉटसाहेब हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. नकाशे बोटीने आले, आणि इथल्या अभियंत्यांनी, पाथरवटांनी व गवंड्यांनी ते दगडात उतरवले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांच्या २४ मूर्ती आहेत. त्यांचे नमुने घडवले ते मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने.

ही इमारत काळवंडत गेली, ठिकठिकाणी गळू लागली. अखेर २०१३ ते २०१५ या काळात तिचे मोठे दुरुस्तीकाम झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने त्यासाठी पैसा पुरवला आणि इंडियन हेरिटेज सोसायटी या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मुंबई शाखेने काम पाहिले. २०१८ साली ओव्हलभोवतालच्या इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात हीही आहे.

आता तुम्ही विचाराल, दगडाची इमारत ती! तिला दुखणे येणार तरी कशाने? ऊन, पाऊस, वारा सोसायचा म्हणून तर माणसाने दगड वापरला. मग सव्वाशे वर्षांतच तो हात का टेकतो?

एक दगड आगीचा, एक दगड समुद्राचा

उत्तर शोधायचे तर आधी दगडाची ओळख करून घ्यायला हवी. या इमारतीत मुख्यतः दोन जातींचे दगड आहेत. भिंतींचा पिवळसर, खडबडीत दगड जवळच्याच कुर्ल्याच्या खाणींतला. हा ज्वालामुखीतून आलेला खडक. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रात लाव्हारसाचे थरावर थर साचत गेले, त्याच उलथापालथीच्या काळातला. तो टणक आहे. त्याला बारीक नक्षी कोरणे म्हणजे छिन्न्या बोथट करून घेणे.

म्हणून नक्षीसाठी दुसरा दगड समुद्रमार्गे आणला. तो काठेवाडातल्या पोरबंदरचा. फिकट, साईच्या रंगाचा, एकसारख्या बारीक दाण्याचा आणि इतका मऊ, की तो करवतीने कापता येतो. हा दगड भिंगाखाली धरला तर त्यात गोल, लांबट, तांदळाच्या कणीहूनही लहान असे दाणे दिसतात. त्यांतले पुष्कळसे दाणे म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय प्राण्यांची कवचे आहेत! मिलिओला नावाच्या अशा प्राण्यावरून भूशास्त्रज्ञ या खडकाला मिलिओलाइट म्हणतात. किनाऱ्यावरची ही कवचे व शंखशिंपल्यांचा चुरा वाऱ्या-लाटांनी साचला, आणि पाण्यातल्या चुन्याने कण एकमेकांना चिकटून त्याचा दगड झाला. तेव्हा कमानीवरचे कोरीव पान किंवा खांबाच्या डोक्यावरचा पक्षी हा मूळचा समुद्रातल्या जिवांचा सांगाडा आहे, असे म्हटले तरी चालेल.

रसायनशास्त्राच्या भाषेत हा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शिंपला, अंड्याचे टरफल यांचाच भाऊबंद. एवढे कळले की त्याच्या शत्रूंची यादी तुमची तुम्हालाच करता येईल. अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळले तर काय होते, हे तुम्ही पाहिलेच असेल.

काळे ते वाईट, पांढरे ते चांगले?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे शंभर वर्षे गिरण्यांची धुराडी, आगगाडीची इंजिने आणि नंतर मोटारी यांनी कोळसा व तेल जाळले. या इंधनांत थोडे गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड वायू होतो, आणि ओल्या हवेत त्याचे हळूहळू सल्फ्यूरिक आम्ल बनते. हे आम्ल पोरबंदरी दगडावर बसले, की कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, होते. दगडाची कातडीच बदलते म्हणा ना.

वर्गात शिकवलेली विद्राव्यता इथे उपयोगी पडते. एक लिटर शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट एका ग्रॅमचा शंभरावा भाग जेमतेम विरघळते. जिप्सम मात्र सुमारे अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दगडाची न विरघळणारी कातडी जाऊन तिच्या जागी विरघळणारी कातडी आली. मग जिथे पावसाचा मारा थेट बसतो तिथे जिप्सम दर पावसाळ्यात धुऊन जाते, खालचा ताजा दगड उघडा पडतो, आणि त्याचे पुन्हा जिप्सम होऊ लागते. जिथे छज्जाच्या किंवा कोरीव पानाच्या आडोशामुळे पाऊस पोचत नाही, तिथे ते साचत राहते आणि त्याच्या स्फटिकांत काजळी अडकून काळी खपली धरते.

आता सांगा, कुठला भाग जास्त आजारी? रस्त्यावरून पाहणारा म्हणेल की काळा. पण काळ्या खपलीखाली नक्षी निदान शाबूत असू शकते. पांढरा, स्वच्छ दिसणारा भाग हाच बहुधा जास्त झिजलेला असतो. एखाद्या मूर्तीचे नाक आणि कपाळ उजळ व गुळगुळीत, आणि गळ्याच्या वळ्या काळ्या पण स्पष्ट असे दिसले, तर कोणता भाग पावसात होता हे ओळखता येईल. काळी खपलीही निरुपद्रवी नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. ती कालांतराने फुगते आणि सुटून पडताना दगडाचा थर बरोबर घेऊन जाते.

गिरण्यांची धुराडी आता थंडावली आहेत. एप्रिल २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भाग इतके खाली आणले गेले. आधीच्या मानकात ते ५० होते. तेव्हा हा शत्रू थोडा दुबळा झाला आहे.

मिठाचे स्फटिक

दुसरा शत्रू मात्र दुबळा होण्यासारखा नाही, कारण तो समुद्रातून येतो. तो म्हणजे साधे मीठ.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते आणि हिवाळ्यात तेच मीठ कोरडे खडखडीत राहते, हे तुम्ही पाहता. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच त्यात विरघळते. आर्द्रता त्याखाली उतरली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. मुंबईची हवा वर्षात अनेकदा ही ७५ची रेषा ओलांडते. पावसाळाभर ती वर असते, हिवाळ्यातल्या दुपारी खाली. दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले मीठ प्रत्येक वेळी विरघळते, पुन्हा गोठते, आणि गोठताना छिद्राच्या भिंती बाहेर रेटते. एका रेट्याने काहीच होत नाही. हजारो रेट्यांनी दगडाचे पीठ होते. जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो तो हाच प्रकार. फक्त तिथे मीठ बहुधा जमिनीतून, केशाकर्षणाने वर चढणाऱ्या ओलीबरोबर येते.

याखेरीज लहानमोठे उपद्रव आहेतच. दगड एकमेकांना सांधायला आत बसवलेल्या लोखंडी पट्ट्या गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि दगड फोडतो. कबुतरांची विष्ठा साचते. पक्ष्यांनी टाकलेल्या बीमधून वड-पिंपळ उगवतात. पण या सगळ्यांपेक्षा एका गोष्टीने जुन्या इमारतींचे अधिक नुकसान केले आहे, आणि ती माणसाने औषध म्हणून लावली. ती म्हणजे सिमेंट.

ताकदवान मित्र

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे, लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याचे. आपल्याकडे सिमेंटचा यशस्वी कारखाना निघाला तो १९१४ साली, आणि कुठे म्हणाल तर पोरबंदरला! ज्या गावाने नक्षीचा दगड दिला त्याच गावात त्याचा हा नवा सोबती जन्मला. सिमेंटने पुढे धरणे, पूल, कारखाने उभे केले. त्याचे ऋण कोण नाकारील? पण १८७८ सालची इमारत सिमेंटची नव्हे. तिचे दगड चुन्याने बांधले आहेत.

पुढच्या काळात चुना मागे पडला. तो भाजायचा, विझवायचा, मुरवायचा, मळायचा. सिमेंटचे मात्र पोते फोडले की काम सुरू. साहजिकच जुन्या इमारतींच्या दगडांमधले सांधे, ज्यांना गवंडी दरजा म्हणतात, ते झिजले की त्यांत सिमेंट भरले जाऊ लागले. चुन्यापेक्षा सिमेंट कित्येक पटींनी मजबूत. मग बिघडले कुठे?

भिंत पावसात ओली होते. ते पाणी पुढे वाफ होऊन बाहेर पडले पाहिजे. चुन्याचा सांधा सच्छिद्र असतो, त्यामुळे बहुतेक पाणी त्या वाटेने जाते आणि जाताना मीठही त्या सांध्यातच सोडते. सांधा हळूहळू भुसभुशीत होतो आणि पाऊणशे-शंभर वर्षांनी नवा भरावा लागतो. इथे सिमेंट भरले की ही वाट बंद झाली. पाणी आत तर राहत नाही. ते दुसरी वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे मऊ दगड. आता मिठाचे स्फटिक सांध्यात न होता दगडात होऊ लागतात. सिमेंटमध्ये स्वतःचेही काही विद्राव्य क्षार असतात, ते या मिठात भर घालतात. शिवाय सिमेंट ताठर. उन्हाने तापून दगड थोडा फुगला, रात्री आकसला, तर चुना ते सोसतो. सिमेंट सोसत नाही, त्याला केसासारख्या चिरा पडतात. या चिरांतून पाणी आत सहज जाते, बाहेर मात्र सहज येत नाही.

परिणाम कसा दिसतो ते एकदा पाहिले की विसरत नाही. दगड आत आत झिजत जातात आणि त्यांच्यामधल्या सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या बाहेर उभ्या राहतात. दुरुस्ती ठणठणीत, आणि जिच्यासाठी दुरुस्ती केली ती भिंत गेली!

सायकलीच्या ब्रेकचे रबर पाहा. ते चाकाच्या लोखंडी कडीपेक्षा मऊ असते ते काही कारखानदाराच्या कंजूषपणाने नव्हे. दोघांपैकी एकाने झिजायचेच आहे, तर स्वस्त आणि बदलता येणाऱ्याने झिजावे. जुन्या इमारतीत सांधा हे ते रबर आहे. म्हणून दुरुस्तीचा माल मूळ दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा, हा या शास्त्राचा पहिला नियम. 'मजबूत ते चांगले' या आपल्या रोजच्या समजुतीच्या तो अगदी उलटा आहे, आणि म्हणूनच कंत्राटदारापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणालाही तो पटवताना नाकी नऊ येतात.

चुन्याची परतफेड

तर मग चुना परत आणायचा. तो होतो कसा, हे पाहण्याजोगे आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीची ५६ किलो चुनकळी उरते. बाकीचे ४४ किलो हवेत गेले! चुनकळीवर पाणी घातले की ती रसरसते, पाणी उकळू लागते. (हे काम लांबून पाहावे. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो.) हा विझलेला चुना पाण्याखाली महिनोन् महिने मुरवत ठेवतात. मुरेल तसा तो लोण्यासारखा होतो. मग त्यात वाळू आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालून तो घाणीत मळायचा. पूर्वी ही घाणी बैल ओढत.

भिंतीत भरल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीत हवेला दिलेले तो असे वसूल करतो. शेवटी सांध्यात जे राहते ते आणि पोरबंदरी दगड हे रसायन म्हणून एकच. मात्र ही क्रिया फार सावकाश चालते, आणि तिला ओलावा लागतो. म्हणून ताज्या कामावर ओली पोती टांगून ठेवावी लागतात. ती वाळली की काम फुकट गेले. दुसरीकडे, जोराचा पाऊस आला तर कच्चा चुना धुऊन जातो. मुंबईत हे काम पावसाळा संपल्यावर सुरू करून पुढच्या पावसाच्या आत आटपायचे असते, ते याच कारणाने. सुरखीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते, त्यामुळे ओल्या जागीही तो घट्ट होतो.

आपले जुने गवंडी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालत. कुणी याला भाबडेपणा म्हणेल. पण साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक विरघळतो, हे प्रयोगशाळेत सहज दाखवता येते. गुळाला काही काम होते, हे नक्की.

सगळ्यात किचकट काम असते ते आधीचे सिमेंट काढण्याचे. यंत्राच्या चकतीने ते भराभर निघते, पण चकती जरा घसरली की दगडाची कड कापली जाते. एकदा कड गेली की सांधा कायमचा रुंद झाला. म्हणून लहान छिन्नी, लहान हातोडा आणि भरपूर वेळ. काही ठिकाणी सिमेंट दगडाला इतके घट्ट धरून असते, की ते काढण्यापेक्षा राहू देणेच बरे. हा निर्णय कोणतेही सूत्र देत नाही. परांचीवर चढून, दगडाला हात लावूनच तो घ्यावा लागतो.

आंघोळ, पण बेताने

मग धुणे. इथे उत्साही माणसाचे हात बांधून ठेवावेत असे मला वाटते. आम्लाने धुतले तर काळी खपली जाईल, पण दगडही फसफसत जाईल. वाळूचा फवारा मारला तर तासाभरात भिंत नवीन दिसेल. मात्र पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणा त्याच तासात नाहीशा होतील. तारेचा ब्रशसुद्धा नको. त्याच्या तारांचे बारीक तुकडे दगडात अडकतात आणि पुढच्या पावसात गंजाचे तांबडे डाग पडतात.

पोरबंदरी दगडाला मानवते ते साधे पाणी, तेही धुक्यासारख्या बारीक तुषारांचे. जिप्सम पाण्यात विरघळते हे आपण पाहिलेच. शत्रूचा हाच दुर्गुण इथे कामी येतो. खपली मऊ झाली की मऊ ब्रशने ती काढायची. जिथे मीठ खोल गेले आहे तिथे मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात कालवून त्याचा लेप देतात. लेप वाळताना दगडातले पाणी बाहेर ओढून घेतो आणि पाण्याबरोबर मीठही लेपात येते. गळवावर पोटीस बांधतात ना, तसेच हे. पाणी फार झाले तर मात्र मीठ आणखी आत जाते. त्यामुळे आधी एका कोपऱ्यात, वितभर जागेवर करून पाहायचे, ते वाळल्यावर काय होते ते पाहायचे आणि मगच पुढे जायचे.

आता झिजलेल्या मूर्तीचे काय? तिला नवे नाक बसवावे का? यावर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे, आणि त्याच्या मुळाशी कोण असावे? राजाबाई टॉवरचा कर्ता स्कॉटच! इंग्लंडमध्ये त्याने शेकडो जुनी चर्चे 'नवी' केली. जुने थर खरवडून, आपल्या मते मूळचे जसे असेल तसे करून टाकण्यावर त्याचा भर असे. १८७७ साली ट्यूक्सबरी इथल्या मठाचे असेच काम निघाले, तेव्हा विल्यम मॉरिस या कवी व कारागिराने वर्तमानपत्रातून जाहीर निषेध केला आणि जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली. लोकांनी तिचे टोपणनाव ठेवले 'खरवडणेविरोधी मंडळ'. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये स्कॉट वारला. मुंबईचा मनोरा पुरा झालेला त्याने पाहिला नाही. आज त्या मनोऱ्यावर काम करणारे लोक चालतात ते मॉरिसच्या वाटेने, स्कॉटच्या नव्हे.

१९६४ साली व्हेनिसला जमलेल्या तज्ज्ञांनी जी सनद केली, तिच्यात या वादाचा निकाल थोडक्यात आहे. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. नक्षीच्या पट्टीतले एक पान गेले आणि शेजारी तशीच दहा पाने शाबूत असली, तर अकरावे घडवायला हरकत नाही, कारण तिथे अंदाज नाही. पण एखाद्या मूर्तीचा चेहरा झिजून सपाट झाला आणि जुने छायाचित्रही नसले, तर तो चेहरा गेला. कितीही कुशल पाथरवट आणला तरी तो घडवील तो दुसराच माणूस. त्या २४ मूर्ती दीडशे वर्षांपूर्वीच्या इथल्या लोकांचे पागोटे, दाढी, अंगरखा कसे होते ते सांगतात. हे सांगणे दगडाच्या वरच्या अर्ध्या सेंटीमीटरात आहे. तारेच्या एका ब्रशने ते पुसले जाऊ शकते.

तुमच्या शाळेची भिंत

तुमची शाळा जुन्या दगड-चुन्याच्या किंवा वीट-चुन्याच्या इमारतीत भरत असेल, तर हे सारे तुम्हाला मुंबईला न जाता पाहता येईल. तालुक्याच्या गावी अशा शाळा पुष्कळ आहेत. बाहेरून भिंतीला खाली कमरेइतका सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंगाचा पट्टा आहे का पाहा. असला तर त्या पट्ट्याच्या बरोबर वरच्या भागाकडे नीट बघा. तिथे पोपडे, पांढरी भुकटी, ओलीचा डाग दिसतो का? 'खाली ओल येते म्हणून सिमेंट लावले, तर ओल वर चढली' अशी तक्रार शाळेचे शिपाईमामा बहुधा करतच असतील. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. पन्हळी कुठे तुंबल्या आहेत, भिंतीच्या कुठल्या कोपऱ्यात पिंपळाचे रोप आहे, हेही त्यांनाच ठाऊक असते. पाण्याची वाट मोकळी करणे हा दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे, आणि तो मे महिन्यात करायचा असतो.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. फार न भाजलेल्या दोन सारख्या विटा घ्या. एकीला तशीच ठेवा. दुसरीला, ती उभी धरून, बुडापासून चार बोटे सोडून वर दोन तृतीयांश उंचीपर्यंत चारी बाजूंनी तैलरंगाचे दोन हात द्या आणि रंग पूर्ण वाळू द्या. एका पसरट ताटलीत लिटरभर पाण्यात दहा चमचे मीठ विरघळवून दोन्ही विटा त्यात उभ्या करा. पाणी दोन बोटांपेक्षा जास्त खोल नको. ताटली वाऱ्याच्या खिडकीत ठेवा. पाणी कमी होईल तसे साधे पाणी घाला, मीठ पुन्हा घालू नका.

काही दिवसांत विटांवर पांढरे स्फटिक दिसू लागतील. साध्या विटेवर ते कोणत्या उंचीवर येतात, आणि रंगवलेल्या विटेवर कोणत्या, ते दर दोन दिवसांनी पट्टीने मोजून वहीत लिहा. रंगाला फुगवटे आले तर त्यांतला एक नखाने उचलून खाली काय आहे ते पाहा. तीन-चार आठवडे झाले की पाणी काढून टाका, पण विटा फेकू नका. त्या खिडकीतच कोरड्या राहू द्या, आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा, पहिला पाऊस झाल्यावर, त्यांच्यावरच्या त्या पांढऱ्या थराला पुन्हा एकदा बोट लावून पाहा.